म्हाताऱ्या कोंबडीचा निर्णय कोणी घ्यायचा?

एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत २५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या माद्या) आणि ३ नर असा गट ५० टक्के अनुदानावर मिळतो. आठ-दहा आठवड्यांचे पक्षी घरी येतात. प्रशिक्षण झालंच तर त्यात लसींचं वेळापत्रक असतं, खाद्य असतं, वर्षाकाठी किती अंडी मिळतील याचा अंदाज असतो. तिसऱ्या वर्षी याच कोंबड्यांचं काय करायचं, हा विषय मात्र निघत नाही.

सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी आहे. मोहोळ-माढ्याच्या वस्त्यांवर, सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर, शहराच्या कडेच्या वसाहतींत खुराडं किंवा डालगं असलेली घरं कितीतरी आहेत. तिथे कोंबडीचा शेवट बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी ठरवतो. आठवडी बाजारातला व्यापारी ठरवतो, आखाडातला पाहुणा ठरवतो, मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, साथ ठरवते, नाहीतर मुंगूस. माझं म्हणणं असं आहे की हा निर्णय कोंबडी पाळणाऱ्या बाईनं स्वतः घ्यावा, वेळेवर घ्यावा आणि कोंबडी हातात धरून, तपासून घ्यावा. आणि जी यंत्रणा पक्षी वाटते तिनं या निर्णयासाठी लागणारी माहिती आणि सोय पक्ष्यांबरोबरच द्यावी.

आधी वयाचं पाहू. नीट खायला, प्यायला आणि आसरा मिळाला तर कोंबडी पाच ते आठ वर्षं सहज जगते. ब्रॉयलर मात्र पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जाऊन कापला जातो. पिंजऱ्यातली लेयर कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की पूर्ण कळप एकदम काढला जातो, कारण त्यानंतर तिनं खाल्लेल्या खाद्याच्या मानानं अंडी परवडत नाहीत. हा हिशेब कारखान्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. तिथे सगळं खाद्य विकतचं असतं, जागा मोजून असते आणि नवा कळप तयार असतो. अडचण अशी की तोच हिशेब आता परसातल्या कोंबडीलाही लावला जातो. ‘दीड-दोन वर्षं झाली, आता इकून टाक की’ असं घरातला कर्ता सहज म्हणतो. तिची अंडी खरंच थांबली आहेत का, थांबली असतील तर का, हे कोणी बघत नाही.

गावरान कोंबडीचं चक्र वेगळं असतं. ती सहाव्या-सातव्या महिन्यात अंड्यावर येते, बारा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक बसते. २१ दिवस अंडी उबवते, पिल्लं दीड-दोन महिने पंखाखाली वागवते आणि पुन्हा अंड्यावर येते. वर्षाला ५० ते ८० अंडी, एवढाच तिचा आवाका. पहिली दोन वर्षं सर्वांत भरीची, पुढे दर वर्षी थोडी घट. पण चार वर्षांची गावरान कोंबडी वर्षात दोनदा पिल्लं काढून ती मुंगसापासून आणि घारीपासून राखत असेल, तर ती नुसती अंड्यांच्या आकड्यात मावत नाही. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती अंडी जास्त देतात, ग्रामप्रिया तर गावरानच्या दुपटीहून अधिक देते, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांचा कळप संपला की पुन्हा पिल्लं विकत आणावी लागतात. घरात दोन-तीन जुन्या गावरान माद्या असतील तर सुधारित जातीची अंडीही त्यांच्याखाली ठेवून पिल्लं काढता येतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा की कळपातली जी मादी चांगली आई आहे, तिला वयावरून काढू नये. तिची जागा बाजारात पैसे देऊनही मिळत नाही.

देशभरात परसातली कोंबडी वाढते आहे. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत एकूण कुक्कुट पक्षी ८५ कोटी १८ लाख होते, त्यातले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले. २०१२च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. एवढ्या पक्ष्यांच्या बाबतीत घराघरांत निर्णय होत असताना तो कसा करायचा याची चार पानांची मराठी पुस्तिकासुद्धा पंचायत समितीत हाताला लागू नये, हे मला खटकतं.

कोंबडी किती वर्षं ठेवायची, हे वयापेक्षा खाद्यावर ठरतं. पूर्ण वाढलेली कोंबडी बांधून ठेवली तर दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाते, म्हणजे वर्षाला ३६ किलोच्या आसपास. खाद्य ३५ रुपये किलो धरलं तर खर्च झाला पावणेतेराशे रुपये. तिनं ६० अंडी दिली आणि गावरान अंडं १२ रुपयांना गेलं तरी हाती ७२० रुपये. म्हणजे विकतच्या खाद्यावर गावरान कोंबडी पहिल्या वर्षीसुद्धा परवडत नाही. तीच कोंबडी वस्तीवर मोकळी सोडली, उकिरड्यातले किडे, बांधावरचं गवत, खळ्यातलं सांडलेलं धान्य तिला मिळालं आणि वरून संध्याकाळी ३० ग्रॅम ज्वारी टाकली, तर वर्षाला ११ किलो धान्य लागतं. ज्वारी ३० रुपये धरली तर ३३० रुपये. इथे ती चौथ्या वर्षी ३५ अंडी देत असली तरी तोट्यात नसते. त्यामुळे कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या दाट वसाहतीत चार कोंबड्या ठेवणारी बाई आणि शिवारात वस्तीवर राहणारी बाई, या दोघींना एकच सल्ला देणं चूक आहे. पहिलीनं कोंबड्या कमी ठेवाव्यात, जास्त अंडी देणाऱ्या ठेवाव्यात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच निर्णय घ्यावा. दुसरीला तेवढी घाई करायचं कारण नाही.

पण अंडी थांबली म्हणजे कोंबडी म्हातारी झाली, हा समज तर सर्वांत जास्त नुकसान करतो. आपल्या जिल्ह्यात अंडी थांबायची कितीतरी कारणं खाद्यात आणि हवेत असतात.

ज्वारीचंच घ्या. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पांढरी रब्बी ज्वारी कोंबडीला चांगली मानवते, तिच्यात कडवटपणा नसतो. पण ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातही लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक फार कमी. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. मोकळ्या कोंबडीची ही तूट किडे-मुंग्या, गांडुळं भरून काढतात. चैत्र-वैशाखात माळ भाजून निघतो, किडे जमिनीत खोल जातात, आणि तेव्हा नुसत्या ज्वारीवर ठेवलेली तरणी कोंबडीसुद्धा अंडी बंद करते. तिला तुरीची चुणी, करडईची किंवा सूर्यफुलाची पेंड, भाजलेलं सोयाबीन थोडं मिळालं तर ती पुन्हा सुरू होते. सोयाबीन कच्चं घालू नये, त्यातल्या घटकांमुळे कोंबडीला प्रथिनं पचत नाहीत. ज्वारीमुळे बलक फिका येतो हेही लक्षात घ्यावं. पिवळा रंग पिवळ्या मक्यातून आणि हिरव्या पाल्यातून येतो, ज्वारीत तो नसतो. फिक्या बलकाचं अंडं पाहून कोंबडी अशक्त झाली असं ठरवू नये, शेवग्याचा पाला किंवा लसूणघास टाकून बघावा.

शेंगपेंडेचा मुद्दा याहून गंभीर आहे. सोलापूर शेंगांचं गाव. घरात खराब शेंगदाणे निघाले, पेंडेचं पोतं ओलीला राहिलं, की ते कोंबड्यांपुढे टाकायची सवय आहे. ओलसर शेंगदाण्यावर आणि पेंडेवर वाढणारी पिवळसर-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी गूढपणे मेले, आणि त्याचा शोध घेताना ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडेतलं हे विष सापडलं. कोंबडी टर्कीइतकी लगेच मरत नाही. तिचं यकृत खराब होतं, भूक मंदावते, अंडी कमी होतात, रोगाशी झगडायची ताकद जाते. बाहेरून ती हुबेहूब म्हातारी दिसते. अशी कोंबडी काढून टाकून त्याच पोत्यावर नवी तलंग पोसली तर सहा महिन्यांत तिचीही तीच गत होते. उकळून किंवा उन्हात टाकून हे विष खात्रीनं जात नाही. बुरशी दिसलेलं पोतं फेकायलाच हवं, आणि तेही उकिरड्यावर नको, कारण कोंबड्या तिथेच चरतात.

कॅल्शियमचंही असंच. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होतं, अंडं घालताना फुटतं, कोंबडी लंगडते, बसून राहते. शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीचे बारीक खडे वेगळ्या भांड्यात ठेवले की जिला लागेल ती खाते. अंड्याची कवचं भाजून कुटून घातली तरी चालतं. लहान पिल्लांना मात्र अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य देऊ नये, जादा कॅल्शियमनं त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. घरात एकच पोतं आणून लहान-मोठ्या सगळ्यांपुढे तेच टाकायचं, ही काटकसर महागात पडते.

आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याचा थेट परिणाम कवचावर होतो. खाणं कमी, अंडी कमी, कवच पातळ. धान्य पचतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून या दिवसांत खायला पहाटे आणि दिवस मावळताना द्यावं, दुपारी नाही. सावली, ओली पोती आणि मातीच्या भांड्यातलं दिवसातून दोन-तीनदा बदललेलं पाणी, एवढ्यावर कितीतरी कोंबड्या वाचतात. मे महिन्यात अंडी बंद झालेल्या कोंबडीवर त्याच महिन्यात निर्णय घेणं म्हणजे तापात असलेल्या माणसाची ताकद मोजण्यासारखं आहे.

दुसरा फसवा काळ पावसाळ्याच्या शेवटापासून दिवाळीनंतरपर्यंतचा. दिवस लहान होऊ लागले की कोंबडी पिसं टाकते. दोन-तीन महिने ती उघडीबोडकी, मलूल दिसते आणि अंडी पूर्ण बंद असतात. नवी पिसं तयार करायला तिची सगळी प्रथिनं खर्ची पडतात. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, आणि अंड्यासाठी कोंबडीला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो. अनुभवी माणसं एक खूण सांगतात: जी कोंबडी उशिरा पिसं टाकते आणि भराभर टाकते ती चांगली अंडी देणारी, जी लवकर सुरुवात करून महिनोन्महिने रेंगाळते ती कमी देणारी. बाजारात मात्र उलटं होतं. उशिरा आणि एकदम पिसं टाकणारी कोंबडी सर्वांत वाईट दिसते, म्हणून तीच आधी विकली जाते.

मग निर्णय कधी घ्यायचा? माझ्या मते माघ-फाल्गुनात. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो, पिसं भरून आलेली असतात, हवा सोसवणारी असते, आणि रब्बीची सुगी असल्यानं शेतात सांडलेलं धान्य भरपूर असतं. एवढं सगळं अनुकूल असूनही फाल्गुन संपेपर्यंत जी कोंबडी अंड्यावर आली नाही, तिच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. त्याच वेळी ती सुगीच्या दाण्यावर अंगानं भरलेली असते, म्हणजे विकली तर वजन मिळतं आणि घरी केली तर रस्सा चांगला होतो. पुढचे दोन महिने उन्हाचे आणि खाद्याच्या टंचाईचे. वयस्कर, जड कोंबड्या त्यातच दगावतात. आपल्याकडे मात्र हिशेब आखाडावर चालतो. श्रावण लागायच्या आधी गावरानला भाव येतो, म्हणून ज्येष्ठ-आषाढात सरसकट विक्री होते. पण त्या वेळी पहिला पाऊस पडलेला असतो, किडे वर आलेले असतात, उन्हाळ्यात थांबलेल्या चांगल्या कोंबड्या नुकत्या अंड्यावर येत असतात. भावासाठी आखाडात विकायचंच असेल तर जास्तीचे नर विकावेत. दर आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. जास्त नर असले की माद्यांच्या पाठीची पिसं जातात, जखमा होतात, आणि खाद्य खाऊन ते परत काहीच देत नाहीत.

तपासायचं कसं, हे दहा मिनिटांत शिकता येतं. रात्री कोंबड्या शांत बसलेल्या असताना एकेक हातात घ्यावी. तुरा लाल, भरलेला आणि कोमट लागला तर ती अंड्यावर आहे, फिका, सुकलेला आणि खवल्यासारखा झाला असेल तर नाही. मागचं द्वार ओलसर आणि रुंद असावं. त्याच्या दोन्ही बाजूंना जी दोन टोकदार हाडं लागतात त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर कोंबडी अंडी देते आहे, एकच बोट जेमतेम बसलं तर थांबली आहे. पुस्तकांत पायांच्या पिवळ्या रंगावरूनही ओळखायला सांगितलेलं असतं, कारण अंडी देताना तो रंग बलकात उतरत जातो आणि पाय पांढरट पडतात. पण ज्वारीवर वाढलेल्या कोंबडीच्या पायात मुळातच रंग कमी असतो, शिवाय आपल्या कितीतरी गावरान कोंबड्यांचे पाय काळपट असतात. ही खूण सोलापुरात धरून चालू नये. आणि एका तपासणीवर निर्णय घेऊ नये. पायात रंगीत चिंधी बांधावी, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघावं.

एवढं करून कोंबडी खरंच थांबली आहे असं ठरलं, तर पुढे काय? इथे आपल्याकडे तीन वाटा दिसतात. मारून खाणं, व्यापाऱ्याला विकणं, आणि काहीच न करणं. तिसऱ्या वाटेबद्दल फार कमी बोललं जातं. न देणाऱ्या कोंबडीला मुद्दाम मारत नाहीत, पण तिला दाणे टाकणं बंद होतं. ‘हिंडून खाईल’ म्हणतात. ती इतर कोंबड्यांच्या टोच्या खात, अर्धपोटी राहून, उन्हाळ्यात किंवा पहिल्या पावसात मरते. ही मला सर्वांत क्रूर वाट वाटते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मालकानं जनावराला पुरेसं अन्न, पाणी, आसरा न देणं हा गुन्हा धरला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, त्यामुळे त्या कायद्याचा धाक कोणाला असणार? पण आपल्याला कळण्यासाठी कायद्याची गरज नसावी. जी कोंबडी ठेवायची तिला पूर्ण पोटभर ठेवायची.

व्यापाऱ्याला विकण्यात गैर काही नाही, पण बाजारापर्यंतचा प्रवास बघवत नाही. दहा-दहा कोंबड्या पायांना सुतळी बांधून मोटरसायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या असतात. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटाच्या मधला पडदा नसतो. उलटी टांगली की आतले अवयव फुप्फुसांशेजारच्या हवेच्या पिशव्यांवर येतात आणि तिला श्वास घेणं जड जातं. वैशाखाच्या उन्हात अशा वीस-पंचवीस किलोमीटरच्या प्रवासात काही वाटेतच मरतात. त्याच कायद्यानं वेदना होईल अशा रीतीनं जनावर वाहून नेणंही गुन्हा ठरवलं आहे. वेताची पाटी, जाळीचा क्रेट, भोकं पाडलेलं खोकं, यातलं काहीही चालतं. आठवडी बाजाराचा कर नगरपालिका आणि ग्रामपंचायती घेतात. बाजारात पक्षी उलटे टांगून आणायचे नाहीत, सावली आणि पाणी हवं, एवढा नियम त्यांनी करावा आणि पाळून घ्यावा. याला वेगळा निधी लागत नाही.

घरी कापायची असेल तर ती जबाबदारी नीट पार पाडावी. आपल्या गावगाड्यात हे काम मुलाण्याकडे असायचं, त्यात कौशल्य होतं आणि धारदार सुरी होती. आता अनेक घरी कोणीतरी पोरगा बोथट विळ्यानं हे उरकतो. आदल्या रात्रीपासून दाणे देऊ नयेत, पाणी मात्र ठेवावं. अंधारात किंवा पहाटे धरावी, पाठलाग करू नये. अंगाशी धरून शांत करावी, पंख आवळून धरावेत किंवा तळ कापलेल्या डब्यात उलटी ठेवून लगेच, एकाच झटक्यात, पाजळलेल्या सुरीनं काम करावं. हालचाल पूर्ण थांबल्याशिवाय गरम पाण्यात घालू नये. इतर कोंबड्यांसमोर, लहान लेकरांच्या गर्दीत हे करू नये. वयस्कर कोंबडीचं मांस चिवट असतं, तिला कुकरच्या दोन शिट्ट्या पुरत नाहीत. मंद आचेवर दोन-तीन तास शिजवलं तर अळणी पाणी असं निघतं की ब्रॉयलरच्या चार किलोतून तसं निघणार नाही. बाळंतिणीला, आजाऱ्याला ते देतात त्याला कारण आहे.

आपला जिल्हा पंढरीचा. माळकरी घरांतही अंडी विकण्यासाठी बायका कोंबड्या ठेवतात, आणि तिथे मारण्याचा विचारही होत नाही. ‘जिवंत आहे तोवर राहू दे’ ही भूमिका मला मनापासून आदराची वाटते, पण ती पूर्ण निभावायची असेल तर खर्चासकट निभावावी. म्हातारी कोंबडी दोन-तीन वर्षं पोसायची, तिचं नख वाढलं तर कापायचं, पायाला गाठ आली तर बघायचं, आणि तेवढ्यासाठी कळप लहान ठेवायचा. दर वर्षी नवी पिल्लं आणायची आणि जुन्या व्यापाऱ्याला देऊन ‘आम्ही मारत नाही’ म्हणायचं, यात कोंबडीच्या वाट्याला सुटका येत नाही. ती त्याच सुरीकडे जाते, फक्त दोन दिवस उलटी टांगून, तहानलेली जाते.

आता साथीच्या काळातल्या निर्णयाबद्दल. इथे चूक एका घराची राहत नाही. मानमोडी वस्तीवर आली की पहिली प्रतिक्रिया असते उरलेल्या कोंबड्या विकून मोकळं व्हायची. त्या बाजारात जातात, तिथून दहा गावांत. रोग एवढ्या वेगानं पसरण्याचं हे मोठं कारण आहे. आजारी किंवा आजाऱ्याबरोबर राहिलेली कोंबडी विकू नये. मेलेली कोंबडी ओढ्यात, कॅनॉलमध्ये टाकू नये, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. बर्ड फ्लूचा अनुभव महाराष्ट्रानं घेतलेला आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला उद्रेक झाला आणि लाखो पक्षी मारावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात तो पुन्हा दिसला, आणि बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारले गेले. अशा वेळी भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून कोंबड्या एकाएकी मरू लागल्या तर लपवण्यापेक्षा त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवण्यात आपला फायदा आहे. ही साधी गोष्ट वस्तीवरच्या बाईपर्यंत पोहोचलेली नाही.

लसीची अडचण तर पूर्णपणे व्यवस्थेची आहे. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून आणि पुढे सहा-आठ आठवड्यांनी टोचून देतात. पुण्यातल्या औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत ती तयार होते, महाग नाही. पण कुपी असते १०० किंवा त्याहून जास्त मात्रांची, ती थंड ठेवावी लागते आणि पाणी मिसळल्यावर दोन-एक तासांत संपवावी लागते. जिच्याकडे आठ कोंबड्या आहेत तिनं ९२ मात्रा ओतून द्यायच्या का? साहजिकच ती लस आणत नाही. उन्हाळ्यात निम्मा कळप जातो आणि मग आयुष्य, खाद्य, निवड या सगळ्या चर्चेला अर्थच उरत नाही.

यावर उपाय अवघड नाही. प्रत्येक गावात महिन्यातला एक वार कोंबड्यांच्या लसीचा ठरवावा. पशुधन पर्यवेक्षक बर्फाच्या डब्यात कुपी घेऊन येईल, बचत गटाच्या बायका आदल्या रात्री डालग्याखाली कोंबड्या अडकवून ठेवतील आणि सकाळी एकाच फेरीत चार वस्त्या होतील. आशाताई ज्या पद्धतीनं लेकरांच्या लसीकरणाची यादी ठेवतात, तशी कोंबड्यांची यादी गटातली एक जण ठेवू शकते. त्याच सकाळी मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रातली माणसं हाडांमधली बोटं कशी मोजायची, बुरशीची पेंड कशी ओळखायची हे प्रत्यक्ष कोंबडी हातात घेऊन दाखवू शकतात. सभागृहातल्या पडद्यावर ते शिकता येत नाही. आणि तलंगांचा गट देताना लाभार्थीच्या कागदावर दोन ओळी जास्त असाव्यात: दुसऱ्या फाल्गुनात तपासणी कोण करून देणार, आणि त्या वेळी नव्या तलंगा किंवा उबवायची अंडी कुठून मिळणार. पर्याय समोर असेल तरच बाई थांबलेली कोंबडी वेळेवर काढेल. नाहीतर कळप संपेल या भीतीनं ती सगळ्याच अर्धपोटी धरून ठेवते.

शेवटी पैशाचं. अंड्यांचे पैसे आपल्याकडे बहुधा बाईच्या हातात असतात. दहा-वीस रुपये करत तेल-मीठ, वही-पेन त्यातून निघतं. कोंबडी विकायची वेळ आली की मात्र ती बाजारात पुरुष नेतो आणि रक्कम त्याच्या खिशात जाते. त्यामुळे ‘आता काढायला हवी’ हे जिला सर्वांत आधी कळतं, तिलाच ते बोलायचं नसतं, कारण बोलली की कोंबडीही जाते आणि पैसेही. योजनेचा गट बाईच्या नावावर असेल, तर त्यातल्या पक्ष्यांच्या विक्रीचे पैसेही तिच्याच खात्यात जावेत. बचत गटानं गावातच वजन करून विक्री लावली, आठवड्याचा एक दिवस ठरवला, तर व्यापारी दारात येतो, कोंबडीला उलटं टांगून वीस किलोमीटर न्यावं लागत नाही आणि बाईला भाव स्वतः ठरवता येतो. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटच्या गटांनी शेळ्यांच्या बाबतीत घासाघीस करायला कधीच कमी केलेलं नाही. कोंबड्यांसाठी त्यांना लागेल तो एक वजनकाटा आणि चार क्रेट. ग्रामपंचायतीच्या महिला-बालकल्याणाच्या खर्चात तेवढं बसतं, आणि पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.